वायरला हात न लावता चिकटलेली प्लग कॅप कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कर्वेनगरमधल्या एका मुलाकडे काकांची जुनी पल्सर १५० आली आहे. पाऊस सुरू झाल्यापासून गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधेच धक्के खाते, ॲव्हरेजही पडलं आहे. स्वतःच स्पार्क प्लग बदलू म्हणून त्याने बसकण मारली. त्यासाठी प्लगच्या डोक्यावर वायर जोडणारी कॅप आधी काढावी लागते. एका बाजूची कॅप सहज हातात आली, दुसरी काही केल्या हलेना. कुणीतरी सांगितलं की त्यासाठी वाकड्या तोंडाची, रबर चढवलेली खास पक्कड मिळते. ती त्याच्याकडे नाही आणि एका कॅपसाठी घ्यायची इच्छाही नाही. आता विचारतोय, "काका, वायर धरून जोरात ओढू, का स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू?"

दोन्ही नको. जिथे आहेस तिथेच थांब, हात पूस आणि आधी वाच.

पक्कड नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तीस वर्षांहून जास्त काळ गॅरेजमध्ये आहे, ती पक्कड माझ्याकडेही आहे, आणि वर्षातून चार-पाच वेळाच मी ती काढतो. ती पक्कड ताकद देत नाही, कॅपला योग्य जागी पकड देते, एवढंच. ती जागा आपल्याला कळली की पकड कशानेही मिळवता येते. सायकलच्या जुन्या ट्यूबनेसुद्धा.

कॅपला धरून काय ठेवतं ते समजून घे, म्हणजे कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही हे सांगायची गरजच उरणार नाही. कॅपच्या आत तळाशी एक छोटी पितळी किंवा स्टीलची क्लिप असते. ती प्लगच्या टोकावरच्या गोल नटावर, किंवा नट नसेल तर थेट आट्यांवर, टक् करून बसते. ही क्लिप सोडवायला फार जोर लागत नाही, लहान मुलाच्या शर्टाचं टिचबटण काढण्याइतकाच लागतो. दुसरं म्हणजे खालचं रबर. ते प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला घट्ट मिठी मारून बसतं. वर्षानुवर्षं इंजिन तापतं, निवतं, आणि ते रबर मातीला अक्षरशः शिजून चिकटतं. तिसरी गोष्ट फक्त खोल खड्ड्यातल्या कॅपला लागू पडते: आत हवा जायला जागा नसते, त्यामुळे सरळ वर ओढलं की मागे पोकळी तयार होते आणि कॅप पुन्हा आत खेचली जाते. औषधाच्या बाटलीवरचं रबरी ड्रॉपर ओढताना लागतं तसं.

या तिघांपैकी क्लिप फक्त ओढण्याने सुटते. चिकटलेलं रबर सुटतं ते फिरवण्याने, आणि पोकळी सुटते ती हवेला वाट दिल्याने. लोक पहिल्या मिनिटापासून ओढायला लागतात, म्हणजे तिघांशी एकदम भांडतात. हरतात ती बिचारी वायर आणि चिनी माती.

वायरचं आधी सांगतो, कारण तो धडा मी स्वतःच्या पगारातून शिकलो आहे. नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. एका गाडीची कॅप निघेना, मी वायर दोन्ही हातांत धरली, पाय चाकाला लावला आणि खेचली. वायर आली. पण कॅपमधून नाही, कॉइलमधून, म्हणजे ठिणगीचा दाब तयार होतो त्या डबीतून. त्या गाडीची वायर कॉइलमध्येच ओतलेली होती, वेगळी बसवता येत नव्हती. नवीन कॉइल आली आणि तिचे पैसे दोन हप्त्यांत माझ्या पगारातून गेले. आमचे उस्ताद ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "ती वेसण आहे का रे, बैल ओढतोयस तो?" तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये पोरगं वायरला हात लावायला गेलं की कुणीतरी "वेसण!" म्हणून हाक मारतंच.

सगळ्या गाड्यांची वायर कॉइलमध्ये ओतलेली नसते. कॅपच्या बाजूला तर बहुधा वायर नुसती फिरवून बसवलेली असते. कॅपच्या आत लाकडी स्क्रूसारखी अणकुचीदार पिन असते, ती वायरच्या मधल्या तांब्याच्या तारांमध्ये घुसते. वायर ओढली की ही पिन तारा फाडत बाहेर येते. कधी वायर पूर्ण निघत नाही, अर्धवट सैल होते, आणि हे जास्त वाईट. गाडी सुरू होते, चालते, पण खड्ड्यात मिस मारते. मग माणूस कार्बोरेटर साफ करतो, पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणतो, पंपवाल्याला शिव्या देतो. आणि दोष मात्र त्याच्याच हाताने वायरीच्या टोकाला करून ठेवलेला.

आता कामाला लागू. चावी काढून खिशात घाल, किल स्विच बंद कर. या वायरीत हजारो व्होल्टचा दाब येतो. जीव जात नाही बहुधा, पण हात असा उडतो की कोपर टाकीवर आपटतं. आणि कॅप काढल्यावर "ठिणगी येते का बघू" म्हणून वायर हवेत लटकत ठेवून सेल्फ मारू नकोस. ठिणगीला इंजिनच्या धातूकडे वाट मिळाली नाही तर तो दाब कॉइलचं आणि सीडीआयचं (ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या डब्याचं) इन्सुलेशन आतून फोडू शकतो. बघायचंच असेल तर कॅपमध्ये जुना प्लग खोचून त्याची धातूची बाजू हेडला, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाला, नीट टेकवून ठेव.

इंजिन कसं असावं यावर दोन मतं ऐकशील. माझं असं आहे: कॅप कोमट इंजिनावर काढावी, प्लग थंड इंजिनावर. कोमट म्हणजे हेडला हाताचा पालथा पंजा दहा सेकंद ठेवता येईल इतपत. तेवढ्या उबेत रबर मऊ पडतं. गार इंजिनावर, विशेषतः डिसेंबरच्या सकाळी, तेच रबर लाकडासारखं असतं. प्लगचं मात्र उलट. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. गरम असताना पाना घातला तर हेडचे आटे ओढून निघण्याची भीती असते. म्हणून कॅप काढ, मग चहा घे, मग प्लग.

पहिला प्रयत्न हातानेच करायचा, पण कोरड्या हाताने नाही. सायकलची जुनी ट्यूब कुठल्याही पंक्चरवाल्याकडे फुकट मिळते. तिची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी काप. आतली पावडर पुसून टाक, नाहीतर तीच घसरेल. पट्टी कॅपच्या मानेभोवती, म्हणजे वायर जिथे शिरते तिथे नाही, तर त्याच्या खाली जिथे कॅप प्लगवर उतरते तिथे, ताणून दोन वेढे दे. आता तिच्यावरून मूठ आवळ आणि फिरव. ओढू नकोस, नुसतं फिरव. घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढंच उजवीकडे, तेवढंच डावीकडे. पहिल्या आठ-दहा वेळा काहीच होत नाही असं वाटेल. मग एकदा हाताला एक बारीकसा कर्र लागतो, जुन्या बरणीचं झाकण सुटताना लागतो तसा. तो लागला की रबर मातीपासून सुटलं. त्यानंतर कॅप अर्धा फेरा सहज फिरेल. आता फिरवता फिरवता प्लगच्या रेषेत सरळ ओढ. टक् होईल आणि कॅप हातात येईल.

"प्लगच्या रेषेत" हे शब्द मी उगाच लिहिलेले नाहीत. बऱ्याच गाड्यांची कॅप कोपरासारखी काटकोनात वाकलेली असते आणि हाताला ते कोपर धरायला सोयीचं वाटतं. कोपर धरून ओढलं की ओढ तिरकी लागते, आणि आतली चिनी माती वाकायला तयार नसते, तिला फक्त तडकायचं ठाऊक असतं. तडा केसाएवढा असेल तर दिसतही नाही. मग नवी कॅप लावूनही ठिणगी टोकापर्यंत न जाता त्या तड्यातून बाजूला पळते, आणि दमट हवेत जास्तच. तू तो प्लग बदलणारच आहेस म्हणून तुला एवढा धोका नाही, पण नुसता साफ करून परत लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

फिरत नसेल तर? तुझ्या गाडीत तसंच होणार असं मला वाटतंय, आणि का ते सांगतो.

पल्सर २००१ साली आली तेव्हा तिला एकच प्लग होता. २००३ साली डीटीएसआय आलं आणि एका सिलिंडरला दोन प्लग झाले, हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यातला एक उघड्यावर असतो, तो तुझा सहज निघाला. दुसरा टायमिंग चेनच्या बाजूचा. मध्ये चेनचा बोगदा असल्यामुळे त्या प्लगपर्यंत जायला एक नळी बसवलेली असते, आणि कॅप त्या नळीत खोल जाऊन बसते. नळीभोवती तेल अडवायला रबरी ओरिंग असते. गाडी जुनी झाली की ती ओरिंग कडक होते आणि इंजिन ऑइल थेंबथेंब नळीत पाझरतं. तेलात भिजलेलं रबर फुगतं. फुगलेलं रबर अरुंद नळीत अडकतं, वर पोकळीची ओढ आहेच. म्हणून त्या बाजूची कॅप दोन बोटांनी निघत नाही.

अशा खोल कॅपला मी सायकलचे स्पोक वापरतो. हे माझं स्वतःचं डोकं नाही, उस्तादांचं आहे, आणि त्यांनी ते कुठून उचललं देव जाणे. साध्या सायकलचा स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा असतो, हबच्या बाजूला त्याला आयता काटकोनी बाक असतो आणि टोकाला चपटं डोकं. असे दोन स्पोक घे. डोकं कानशीने अर्धं घासून पातळ कर, पण टोकाला धार ठेवू नकोस, बोटावरून फिरवलं तर ओरखडा येता कामा नये. दुसऱ्या टोकाला पक्कडीने वाळा कर, त्यात बोट किंवा स्क्रू ड्रायव्हरची दांडी अडकवता आली पाहिजे. झालं तुझं हत्यार. खर्च शून्य, किंवा पंक्चरवाल्याला एक चहा.

आता टॉर्च लावून नळीत बघ. कॅपचं रबर आणि नळीची भिंत यांत फट असते, कुठे कमी कुठे जास्त. पहिला स्पोक बाक भिंतीला समांतर ठेवून, म्हणजे आडवा करून, फटीतून खाली सोड. कॅपची खालची कड संपली की स्पोक किंचित मोकळा होतो, ते बोटांना कळतं. तिथे पाव फेरा फिरव, बाक कडेखाली जाईल. दुसरा स्पोक बरोबर समोरच्या बाजूने तसाच सोड. दोन्ही वाळ्यांतून स्क्रू ड्रायव्हर आडवा घाल, आणि दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना सारखा भार देत, हळूहळू वर घे. झटका नाही. विहिरीतून भरलेली कळशी वर घेतो तशी ओढ, एकसंध. एका बाजूने जास्त ओढलंस तर कॅप नळीत तिरकी होऊन पाचरीसारखी बसेल, मग मात्र कठीण.

त्याआधी हवेला वाट करून दे. प्लास्टिकचा केबल टाय, तो वायरिंग बांधायचा पांढरा, त्याचं चपटं टोक कॅप आणि नळी यांच्यामध्ये सरकव. कॅपभोवती गोल फिरव. चिकटलेलं सुटतंही आणि हवाही आत जाते. लोखंडी पट्टी किंवा ब्लेड घालू नकोस, रबर कापलं जाईल आणि कापलेल्या रबरातून पहिल्याच पावसात ठिणगी बाहेर उडी मारेल.

काही सोडायचं असेल तर त्याच टायच्या कडेने सिलिकॉन स्प्रे थोडासा सोड आणि दहा मिनिटं थांब. तो नसेल तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालतं. हँडलच्या ग्रिप चढवताना आम्ही तेच वापरतो: ओलं असेपर्यंत घसरतं, उडून गेलं की काही मागे राहत नाही. पण ते पेट घेणारं आहे, तेव्हा पूर्ण उडून गेल्याशिवाय किक मारायची नाही आणि जवळपास कुणी बिडी पेटवायची नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही ओतू नकोस. दोन मिनिटं घसरल्यासारखं वाटेल आणि मग रबर आणखी फुगेल. तुझी कॅप मुळात ज्यामुळे अडकली आहे तेच तू वरून ओतशील.

घरात हेअर ड्रायर असेल तर त्याची गरम हवा दोन-तीन मिनिटं दे, छान मऊ पडतं. मेणबत्ती, लायटर, गॅसची बत्ती नको. हे लिहावं लागतंय कारण एका गिऱ्हाइकाने केलं होतं. कॅपबरोबर एअर फिल्टरचं प्लास्टिकही वितळवून आणलं होतं आणि वर मलाच विचारत होता, "वॉरंटीत बसेल का?"

स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याबद्दल. लोक स्क्रू ड्रायव्हर सिलिंडरच्या पात्यांवर टेकवतात आणि तरफ लावतात. त्या पात्या ओतीव ॲल्युमिनियमच्या, वाकत नाहीत, बिस्किटासारख्या तुटतात. आणि जुन्या गाड्यांच्या काळ्या टणक कॅप बेकलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या असतात, त्याही तशाच, कड धरून दाबलं की कपचा उडतो. रबरी कॅप आणि बेकलाइटची कॅप यांतला फरक नखाने कळतो: नख रुतलं तर रबर, टकटक वाजलं तर बेकलाइट. बेकलाइटला तरफ अजिबात लावायची नाही. तिथे ट्यूबची पट्टी आणि फिरवणं, बस. रबरी कॅपला वरून टोपीसारखी रुंद कड असेल तर तिच्याखाली लाकूड घालायला हरकत नाही. दोन बाजूंना दोन, स्वयंपाकघरातल्या जुन्या लाकडी उलथण्याच्या दांड्या असोत की आइस्क्रीमच्या जाड काड्या. खाली पात्यांवर कापडाची घडी, आणि दोन्ही एकदम दाबायच्या. घरात विचारून घे. उलथण्याला ऑइलचा वास लागला की तो जात नाही, हे मला माझ्या घरी चांगलंच ऐकायला मिळालेलं आहे.

चेतकच्या काळात या कटकटी नव्हत्या, आणि ते गाडी चांगली होती म्हणून नाही. टू-स्ट्रोक स्कूटरचा प्लग दर पंधरा दिवसांनी काळा व्हायचा. रस्त्याच्या कडेला स्कूटर तिरकी करायची, बाजूचा पत्रा काढायचा, कॅप उपसायची, प्लग फुंकून, पॉलिश पेपर मारून परत लावायचा. डिकीत एक जादा प्लग असायचाच. कॅप इतक्यांदा निघायची की चिकटायला तिला सवडच मिळत नव्हती. आत्ताच्या गाड्या इतक्या सुधारल्या की दहा-बारा हजार किलोमीटर प्लगचं तोंड कुणी बघत नाही. तुझ्या काकांनी तर नळीतली ती कॅप कधी काढलीच नसेल, सर्व्हिसिंगमध्येही बरेच जण सोपी बाजू बदलतात आणि अवघड बाजूला राम राम करतात. दोन प्लगची गाडी एका प्लगवरही चालते ना! ओढ कमी, पेट्रोल जास्त, पण चालते. म्हणून गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तुझं मिसिंग आणि ॲव्हरेज बहुतेक इथेच अडकलं आहे.

सगळं करूनही कॅप हलली नाही तर एक शेवटचा मार्ग आहे: ती कॅप गेली असं समजायचं आणि कापून काढायची. नवी कॅप काही फार महाग नसते, नाना पेठेत गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलंस की मिळेल. जुनी सोबत ने, म्हणजे लांबी आणि बाक जुळवून घेता येईल. कापायच्या आधी वायर सोडवून घे: कॅप एका हाताने घट्ट धरून वायर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत बाहेर काढायची, ओढायची नाही. मग कॅप उभी चिरायची, वरून खाली, ब्लेड प्लगच्या बाजूला न रोखता. खोल नळीत हे जमत नाही. तिथे नोज प्लायरने तुकडे उचलत बसावं लागतं आणि ते तू करू नयेस असं मला वाटतं. तेवढ्यासाठी गॅरेजला ये.

कॅप निघाल्यावर लगेच प्लगवर पाना चढवायचा मोह होईल. थांब. खाली खड्ड्यात बघ. माती, वाळू, कधी गंजाचा चुरा, आणि पावसाळ्यात चक्क पाणी साचलेलं असतं. प्लग काढलास की ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडतं. पिस्टन आणि भिंतीच्या मध्ये वाळूचा एक कण काय करतो ते इंजिनचं बोअर करून घ्यावं लागलेल्या माणसाला विचार. सायकलचा पंप घे, नळीला ज्यूसची स्ट्रॉ टेपने लाव, आणि स्ट्रॉ खाली नेऊन फुंकर मार. डोळ्यांवर चष्मा असू दे, सगळं वर उडतं. तेल असेल तर काडीला कापड गुंडाळून टिपून घे.

पाणी सारखं साचत असेल तर बऱ्याच गाड्यांच्या हेडला प्लगच्या खड्ड्यातून बाहेर जाणारं एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं असणार. तुझा तोच स्पोक सरळ टोकाने त्यात घाल आणि मोकळं कर. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीकाठच्या रस्त्यांवरून गाड्या पाणी कापत जातात, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे निम्म्या गाड्या याच दोषाच्या येतात. उरलेल्या निम्म्या वॉशिंग सेंटरवरून. प्रेशरचा फवारा थेट प्लगवर मारतात, गाडी चकचकीत होते आणि कॅपच्या आत क्लिप गंजायला लागते.

प्लगचा पाना बहुतेक तुझ्या टूलकिटमध्ये असेल, नळीसारखा, आडवी दांडी घालून फिरवायचा. आपल्याकडच्या १००-१५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना सोळाचा लागतो, जुन्या बुलेटला आणि चेतकला एकवीसचा. टूलकिट हरवलं असेल तर बोहरी आळीत किंवा रविवारी, बुधवारी जुन्या बाजारात बघ. फक्त पान्याच्या आत रबरी रिंग आहे ना हे तपास, नाहीतर सुटलेला प्लग नळीतून वर कसा आणायचा हा नवा प्रश्न विचारशील. नसेल रिंग तर जुनी कॅप किंवा प्लगवर घट्ट बसणारी रबरी नळी खोचून वर घेता येतो.

नवा प्लग बसवताना पहिले चार-पाच फेरे हाताने, पान्याची दांडी न लावता. हाताला अडकला तर उलटा फिरवून परत सुरुवात कर, जबरदस्ती केलीस तर आटे जातील. हाताने पूर्ण टेकला की नव्या वॉशरच्या प्लगला साधारण अर्धा फेरा पान्याने, तोच जुना प्लग परत लावत असशील तर त्याहून पुष्कळ कमी. बारीक १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला दहा-बारा न्यूटन मीटरच पुरतात. म्हणजे दांडीला दोन बोटांचा जोर, दंडाचा नाही.

कॅप परत लावण्याआधी तिच्या तोंडात बघ. कधी कधी प्लगवरचा गोल नट कॅपबरोबर निघून आत अडकलेला असतो, आणि माणूस नव्या प्लगवर कॅप दाबत बसतो, ती बसतच नाही. नोज प्लायरने तो काढ. नव्या प्लगला नट असेल तर पक्कडीने हलका आवळ, सैल नट ठिणगी चोरतो. क्लिप हिरवी-काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपर. मल्टिमीटर असेल तर कॅपचं रेझिस्टन्स बघ, बऱ्याच कॅपमध्ये पाच किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. चार ते सहाच्या दरम्यान आलं तर ठीक. पंधरा-वीस दाखवलं किंवा काहीच दाखवलं नाही तर कॅप बदल. वायरीच्या टोकाच्या तारा काळ्या पडल्या असतील आणि वायरीला ढील असेल तर टोक पाच-सहा मिलिमीटर सरळ काप, आणि कॅप घड्याळाच्या दिशेने फिरवून घट्ट बसव.

रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज वाहू न देणाऱ्या ग्रीसचा) नखाएवढा थर फिरव. साधं बेअरिंगचं ग्रीस नको. मग सरळ दाब, टक् ऐकू आलं पाहिजे. नळीत खोल असेल तर आवाज येत नाही, पण बोटांना कळतं. त्यानंतर हलकं वर ओढून बघ, नुसती बसल्यासारखी वाटणारी कॅप लगेच वर येते. रात्री पार्किंगमध्ये दिवा घालवून गाडी सुरू कर आणि फुलझाडांच्या फवाऱ्याने कॅप आणि वायरवर बारीक पाणी उडव, लांबून. निळी कीड वळवळल्यासारखी ठिणगी कुठे दिसली तर तिथलं इन्सुलेशन गेलं आहे.

आणि नळीतली ती कॅप बाहेर आली की तिच्या तोंडाला बोट लावून वास घे. कोरडी असेल तर काम संपलं. ऑइल लागलं तर ओरिंग गेली आहे, नवी कॅपही वर्षभरात तशीच फुगेल. ओरिंग बदलण्यासाठी नळी काढावी लागते, ते स्पोकचं काम नाही. फोटो पाठव, बोटाचासुद्धा, आणि गाडी किती चालली आहे ते कळव. मग सांगतो.